५२ दात्यांच्या रिंगला गार्ड: रिकम्बंटसाठी बडोद्यात काय घ्यावं, काय करून घ्यावं

रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल. तिच्या चेनरिंगसाठी, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकासाठी, "गार्ड द्या" म्हणून बडोद्यात दुकानोदुकानी फिरलात तर दिवस जाईल आणि हातात भलतीच वस्तू येईल. दुकानदाराचा दोष नाही. साध्या सायकलचं चेन कव्हर, गिअरच्या सायकलची प्लास्टिकची चकती आणि माउंटन बाइकचं बॅशगार्ड या तिन्हींना गार्डच म्हणतात, आणि तिन्ही रिकम्बंटच्या मोठ्या रिंगला जशीच्या तशी बसत नाहीत.

निकाल आधीच सांगतो. क्रँक (पायडल आणि रिंगा लावलेला दांडा) तीन रिंगांचा असेल आणि मागचं चाक ७०० सी (रोड सायकलचं मोठं चाक) किंवा २६ इंची असेल, तर नवीन काही घेऊच नका. बाहेरची झिजलेली रिंग काढा, तिचे दाते उतरवून घ्या आणि तीच परत लावा. मागचं चाक २० इंची असेल तर ५२ ची रिंग सोडता येत नाही. मग मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ३ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट कापून घ्या. बाकीचे पर्याय खाली येतातच, पण पैसे घालण्याजोगे हे दोनच.

गार्डची गरज नीट समजली की माप चुकत नाही. साध्या सायकलवर रिंग पायाच्या खालच्या अंगाला राहते आणि फार तर पॅन्टची मोहरी काळी होते. रिकम्बंटवर बीबी (क्रँक ज्यावर फिरतो तो आस) बूमच्या, म्हणजे पुढे काढलेल्या नळीच्या, टोकाला, सीटच्या उंचीला किंवा त्याहून वर असते. सिग्नलला उजवा पाय खाली टेकवताना पोटरीची आतली बाजू रिंगच्या कडेवरून घासतच खाली येते. ५२ दाते, त्यातले पुढचे चेनने झाकलेले आणि मागचे उघडे. नवीन रिंगचे दाते बोथट असतात. झिजलेल्या रिंगचे मात्र शार्कच्या पंखासारखे टोकदार होतात, आणि रिकम्बंटच्या रिंगा सहसा झिजेपर्यंत वापरल्या जातात, कारण बदली रिंग सहज मिळत नाही.

दुसरा धोका कपड्याचा. पायडल मारताना रिंगची वरची बाजू पुढे जाते, म्हणजे ताणलेली चेन मागून येऊन रिंगच्या वरच्या-मागच्या कोपऱ्यात दात्यांवर चढते. कापड ओढलं जातं ते नेमकं तिथे, आणि रिकम्बंटवर तो कोपरा तुमच्या पायाच्या बाजूला असतो. सलवार, लेंगा, सैल ट्रॅकपॅन्ट, पावसाळ्यातला रेनकोटचा पायजमा, सगळं तिथेच अडकतं. पायडल थांबवलं की रिंग थांबते आणि ओढणं थांबतं, पण तोवर दोन-तीन दाते कापडात गेलेले असतात. म्हणून गार्ड रिंगच्या नव्हे, चेनच्या वर उठलेलं असलं पाहिजे. दात्यांच्या टोकाइतकं गार्ड पोटरी वाचवतं, कपडा वाचवत नाही.

या सायकलचे सुटे भाग बाजारात का नाहीत, याचं मूळ बरंच जुनं आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर यानं शार्ल मोशे याच्या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापून विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघानं ही सायकल शर्यतींतून बाद केली. शर्यतीत नाही म्हणून कारखान्यात नाही, कारखान्यात नाही म्हणून दुकानात नाही. क्रँक आणि रिंगा मात्र साध्या रोड सायकलच्याच वापरतात, आणि आपली सोय तिथेच होते.

आता मापं. पहिलं माप बीसीडी, म्हणजे रिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. पाच बोल्टच्या क्रँकवर हे वर्तुळ थेट मोजता येत नाही, कारण भोकासमोर भोक येत नाही. शेजारशेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा. ७६.४ मिमी आलं तर बीसीडी १३०, ६४.७ आलं तर ११०. चार बोल्टच्या क्रँकवर ७३.५ आलं तर १०४. केंद्र नजरेनं धरू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, आकडा तोच येतो. नव्या शिमानो रोड क्रँकचे रिंग धरणारे चार फाटे सारख्या अंतरावर नसतात, तिथे हा हिशेब लागू नाही. तिथे रिंगच काढून कागदावर ठेवून आखायची. आणि स्वस्त स्टीलच्या चेनव्हील सेटवर रिंग क्रँकला रिव्हेटनं ठोकलेली असेल तर बोल्टचं गार्ड बसणारच नाही. आधी क्रँक बदला.

दुसरं माप गार्डचा बाहेरचा व्यास. दात्यांची संख्या गुणिले ४.०४, अधिक ८.५. इतका व्यास चेन चढवलेल्या रिंगचा येतो, मिलिमीटरमध्ये. चेनच्या एका पिनेपासून शेजारच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी असतं, त्यातून ४.०४ येतो, आणि ८.५ ही चेनच्या पट्टीची उंची. ५२ दात्यांना २१८.६, ४४ ला १८६.३, ३९ ला १६६. त्यात ९ ते १० मिमी मिळवा, म्हणजे सगळीकडून साडेचार-पाच मिमी गार्ड वर राहील. ५२ साठी २२८, ४४ साठी १९५, ३९ साठी १७५. त्याहून मोठं करण्यात फायदा नाही. बूम उचलताना, सायकल गाडीत चढवताना ते आधी आपटतं.

तिसरं माप सगळे विसरतात, आणि हातात आलेलं गार्ड वाया जातं ते त्याच्यामुळे: चेनच्या जाडीसाठी लागणारी बाजूची जागा. रिंगच्या बाहेरच्या तोंडावर गार्ड सपाट टेकवलं की छान दिसतं, पण चेन रिंगपेक्षा रुंद असते. ८ स्पीडची चेन पिनसकट सुमारे ७.१ मिमी, ९ स्पीडची ६.६, १० स्पीडची ६ च्या आसपास. म्हणजे दात्याच्या मध्यापासून चेन बाहेरच्या अंगाला तीन-साडेतीन मिमी येते. टेकवलेलं गार्ड दात्याच्या मध्यापासून जेमतेम दोन-अडीच मिमीवर असतं. पहिल्याच फेरीला चेन घासते, खरखर येते, आणि लोक समजतात गार्ड वाकडं आहे. वाकडं नसतं, फार जवळ असतं. मध्ये किमान २ मिमीचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी वॉशरसारखी चकती, हवा.

फ्रंट डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसऱ्या रिंगवर ढकलणारा भाग) असेल तर आणखी जागा. त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी चेनच्याही बाहेर असते, तिची जाडी आणि थोडा श्वास धरला तर गार्डचं आतलं तोंड दात्याच्या मध्यापासून ६ ते ७ मिमीवर पाहिजे. आणि हे सगळं क्रँकच्या बाहूच्या, म्हणजे पायडल लावलेल्या दांड्याच्या, आत बसलं पाहिजे. बाहूची मागची बाजू आणि रिंगचं तोंड यांच्यात किती जागा आहे ती आधी मोजा. स्पेसर २ मिमी, प्लेट ३ मिमी आणि १ मिमी मोकळं, म्हणजे निदान ६ मिमी पाहिजे. डिरेलर असेल तर १०. जागा कमी पडली तर गार्डला बाहूच्या रुंदीएवढी खाच द्यायची, एका जागी तुटलेल्या बांगडीसारखी. त्या जागी बाहूच पाय अडवतो, त्यामुळे उघडं काही राहत नाही. फक्त खाचेच्या दोन्ही अंगांना जवळ एकेक बोल्ट आला पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट. बाहेरच्या रिंगवर, बाहूच्या मागे, एक छोटी खुंटी असते. चेन उतरलीच तर बाहू आणि रिंगच्या फटीत जाऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. गार्ड लावायचं तर खुंटी काढा किंवा गार्डला तिथे भोक द्या. खुंटीवर टेकलेलं गार्ड एका बाजूनं उचललेलं राहतं.

आता बाजारातल्या वस्तू एकेक.

गिअरच्या साध्या सायकलींवर येणारी काळी प्लास्टिकची चकती कुठल्याही बऱ्या दुकानात सुटी मिळते. ती ४२ ते ४८ दात्यांच्या चेनव्हीलसाठी असते आणि बारीक स्क्रूंनी चेनव्हीलच्या स्वतःच्या भोकांत बसते. त्या भोकांचा बीसीडीशी काही संबंध नाही. रोड क्रँकला ती भोकंच नसतात, मग केबल टायनं बांधायचा मोह होतो. बांधू नका. टाय सैल होतो, चकती तिरकी होते आणि तीच चेनच्या तोंडात जाते. शिवाय हे प्लास्टिक उन्हात कडक होतं. बडोद्याच्या मे महिन्यात सायकल उघड्यावर उभी असेल तर स्क्रूच्या भोकांपासून चिरा सुरू होतात. ४४ ची रिंग आणि स्टीलचा चेनव्हील सेट असलेल्या घरी वेल्डिंग केलेल्या रिकम्बंटला ही चकती चालते, एवढंच तिचं काम.

ऑनलाइन मिळणारं बॅशगार्ड ही मजबूत वस्तू आहे, यात शंका नाही. जाड ॲल्युमिनियम, गोल कड, बोल्टचे खोलगट बसके. पण ते बहुतेक १०४ बीसीडी, चार बोल्टचं, आणि ३२ ते ४४ दात्यांसाठी असतं. तुमच्या ट्राइकवर (तीनचाकी रिकम्बंटवर) ४४-३२-२२ चा माउंटन क्रँक असेल तर बाहेरची ४४ काढून तिच्या जागी ते बसेल. मग सगळ्यात मोठी रिंग ३२ उरते. मागचं चाक २० इंची असेल तर ३२ ला ११ च्या कॉगवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवर) मिनिटाला ८० फेऱ्या मारून ताशी २१ किलोमीटरच्या वर जाता येत नाही. बडोद्यासारख्या सपाट गावात ते रोज खुपेल. ४४ ठेवून तिच्यावर लावायचं म्हटलं तर ४४ च्या नावानं विकलेलं गार्ड १९५ मिमीपेक्षा लहान तर नाही ना, हे वर्णनात बघून घ्या. "४४ साठी" म्हणजे पुष्कळदा "४४ च्या दात्यांइतकं" असतं, चेनच्या वर उठलेलं नसतं.

ॲक्रिलिकची पारदर्शक चकती कुठलाही नावाच्या पाट्या बनवणारा तासाभरात कापून देतो, आणि दिसते फार सुंदर. घेऊ नका. आपटल्यावर ती वाकत नाही, फुटते, आणि फुटलेली कड चाकूसारखी असते. पायाच्या बाजूला असा माल नको.

पॉलिकार्बोनेट त्यापेक्षा कितीतरी बरं. वाकतं, फुटत नाही. पण दोन अटी. एक, ते पेट्रोलनं पुसायचं नाही आणि बोल्टवर लॉकटाइटसारखं बोल्ट चिकटवणारं द्रव लावायचं नाही, दोन्हींनी भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. चेन धुताना रॉकेल-पेट्रोल वापरायची आपल्याकडची सवय बघता ही अट पाळणं अवघड आहे. दुसरी अट जास्त महत्त्वाची. चेनरिंगचे बोल्ट पायाचं बळ रिंगेला पोचवतात. त्या बोल्टखाली प्लास्टिकचा थर दाबला की तो महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू दबत जातो आणि बोल्टचा ताण जातो. मग रिंग कटकट करायला लागते, भोकं अंडाकृती होतात, आणि दोष बीबीला दिला जातो. प्लास्टिक वापरायचंच तर प्रत्येक भोकात धातूची नळी घाला, म्हणजे ताण नळीवर येईल आणि प्लास्टिक नुसतं अडकून राहील. हेच एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकला लागू. त्याला पेट्रोल-तेलाचं वावडं नाही, पण ते मऊ, ६ मिमी जाड घ्यावं लागतं, आणि तेवढी जाडी बाहूच्या आत बसवायला जागा नसते.

दाते उतरवलेल्या रिंगकडे येऊ. १३० बीसीडीच्या तिहेरी क्रँकवर ५२-३९-३० असतात. ५२ चे दाते तळापर्यंत उतरवले की २०२ मिमीची चकती उरते. ३९ ची रिंग चेनसकट १६६ मिमीची, म्हणजे गार्ड सगळीकडून १८ मिमी वर. बोल्ट तेच, जागा तीच, स्पेसर नको. मधली रिंग फाट्यांच्या आतल्या अंगाला असल्यामुळे चेन घासायचा प्रश्नच नाही. डिरेलरचा बाहेरच्या मर्यादेचा स्क्रू आत फिरवा, पिंजरा गार्डच्या अलीकडे थांबला पाहिजे. वेग किती जातो? ७०० सी चाकावर ३९ ला ११ चा कॉग म्हणजे पायडलच्या एका फेरीत सुमारे ७.४ मीटर, ८० फेऱ्यांना ताशी साडेपस्तीस किलोमीटर. पावागडच्या रस्त्याला वारा पाठीशी असला तरी पुरतं. २० इंची चाकावर मात्र तेच ५.४ मीटरवर येतं, ताशी २६. म्हणूनच हा उपाय मोठ्या चाकाच्या सायकलसाठी.

दाते उतरवताना एक काळजी. रिंग ॲल्युमिनियमची असेल तर बेंच ग्राइंडरच्या दगडावर धरू नका. ॲल्युमिनियम दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो. लेथवर करून घ्या. रिंग एका प्लेटवर बोल्टनं आवळून ती प्लेट चकमध्ये धरायची. दाते म्हणजे तुटक काप, हत्यार प्रत्येक दात्याला ठोकर खातं, म्हणून एका वेळी अर्धा मिमीपेक्षा जास्त घेऊ नये. लेथवाला घाई करत असेल तर त्याला हेच सांगा, रिंग बोल्टच्या कानापाशी वाकते. लेथ नको असेल तर व्हाइसमध्ये धरून कानसीनं दोन तासांचं काम आहे. शेवटी दोन्ही कडा गोल करा, आणि आतल्या अंगाला चेन चढवण्यासाठी लावलेल्या स्टीलच्या छोट्या पिना घासून सपाट करा.

आणि ज्यांना ५२ हवीच, त्यांच्यासाठी मकरपुरा. सयाजीरावांनी १८९० मध्ये जिथे कलाभवन काढलं, त्या गावात गोल प्लेट कापून मिळायला अडचण पडू नये, आणि पडतही नाही. अडचण पडते ती "एक नंग" म्हटल्यावर. लेझर कटिंगवाल्यांचा खर्च मशीन लावण्यात असतो, कापण्यात नाही. एका नगाचं बिल आणि चार नगांचं बिल यांत फारसा फरक पडत नाही, म्हणून दोन-तीन जण मिळून जा, किंवा दोन मापांचे नग एकाच प्लेटमध्ये बसवून न्या. कटपीसमधून काढून द्या म्हणून विचारायला लाजू नका. २३० मिमीचा चौकोन त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेला असतो.

सगळी लेझर मशीनं ॲल्युमिनियम कापत नाहीत, तो चकाकता धातू किरण परत फेकतो. फायबर लेझर आहे का आणि त्यावर ॲल्युमिनियम घेता का, हे फोनवरच विचारा. "स्टेनलेस घेऊन जा, तयार आहे" असं हमखास सांगतील. २ मिमी स्टेनलेसचं गार्ड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ दुप्पट वजनाचं होतं आणि कड धारदार. नको म्हणा. ॲल्युमिनियममध्येही साधा भांड्यांचा मऊ पत्रा नको, हातानं वाकतो. ५०५२ किंवा ६०६१ मागा. ६०८२ ला बाजारात एचई ३० म्हणतात, तेही उत्तम.

ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (कटिंग मशीनला चालणारी ड्रॉइंगची फाइल), मिलिमीटरमध्ये, एकास एक प्रमाणात न्या. १३० बीसीडी आणि ५२ दात्यांसाठी: बाहेरचा व्यास २२८, मधलं भोक ११०, बोल्टची पाच भोकं प्रत्येकी १०.२ मिमी, १३० च्या वर्तुळावर ७२ अंशांच्या अंतरानं. भोक बरोबर १० ठेवलं तर नटाची नळी अडते. अशी भरीव प्लेट अडीचशे ग्रॅम भरते. बोल्टच्या मधल्या भागात पाच खिडक्या काढल्या तर ती १६० च्या आसपास येते, पण खिडकी केंद्रापासून ९२ मिमीच्या बाहेर नेऊ नका. ५२ च्या दात्यांचं मूळ १०१ मिमीवर आहे, दाते कुठूनही दिसता कामा नयेत. फाइल पाठवण्याआधी ते घरी कागदावर एकास एक छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून क्रँकवर लावून बघा. पुठ्ठ्यावर चूक निघाली तर दहा मिनिटं जातात, धातूवर निघाली तर अख्खी प्लेट. "एकास एक" असं लिहूनही छपाईत कागदाला बसवायला आकार लहान होतो, म्हणून छापल्यावर २२८ हा आकडा पट्टीनं मोजाच.

प्लेट हातात आली की खालच्या बाजूला वितळलेल्या धातूची खरबरीत रेघ असते. तशीच लावली तर ज्या पोटरीसाठी हा खटाटोप केला तिलाच ती कापते. बाहेरच्या कडेला दोन्ही अंगांनी १ मिमी चॅम्फर (तिरका काप) मारा, बारीक कानस आणि मग पॉलिश पेपर. बोटाच्या टोकानं नव्हे, कापसाचा बोळा कडेवरून फिरवून तपासा. तंतू अडकला तर अजून काम बाकी आहे.

बसवताना लांब बोल्ट लागतील. साधे दोन रिंगांचे बोल्ट ५ मिमी जास्तीच्या थराला पुरत नाहीत, निदान ४ मिमी आटा आत गेला पाहिजे. उलट चूकही होते. नटाची नळी सगळ्या थरांपेक्षा लांब निघाली तर बोल्ट कडक लागतो आणि रिंगा मात्र आत हलत राहतात. बोल्ट आवळूनही गार्ड हातानं हललं तर हेच कारण, नळी अर्धा मिमी घासा. स्पेसरबाबत आणखी एक फसगत. बाहेरच्या रिंगच्या भोकाभोवती बोल्टच्या डोक्यासाठी खोलगट बसका असतो. लहान व्यासाचा स्पेसर त्यात उतरतो आणि २ मिमीच्या जागी एकच मिमी हाती लागतो. जाडी नेहमी बसक्याच्या तळापासून धरा.

आट्यांना आणि नळीच्या बाहेरून थोडं ग्रीस, मग पाचही बोल्ट हातानं टेकवून एक सोडून एक अशा क्रमानं आवळा. ५ मिमी एल-की पुढून, मागून नट धरायला दोन कानांचा पान्हा. स्टीलच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुरे, ॲल्युमिनियमच्या बोल्टला त्याहून कमी, पाकिटावर दिलेला आकडा पाळा. बूमला पेन्सिल टेकवून क्रँक उलटा फिरवा. गार्ड १ मिमीपर्यंत डुलत असेल तर सोडून द्या, जास्त डुलत असेल तर एखाद्या स्पेसरखाली कचरा आहे. पन्नास किलोमीटरनंतर एकदा परत आवळा. नवे थर बसतात, बोल्ट हमखास पाव फेरा घेतात.

गार्ड रिंगची बाजू झाकतं, चेनची लांब धाव नाही. चेनसाठी तिच्यावर चढवायची नळी वेगळी, आणि त्या नळीचं तोंड रिंगपासून वीतभर मागे थांबवा, नाहीतर गिअर बदलताना चेन बाजूला सरकते तेव्हा नळीची कड खाते. तोंड गरम करून थोडं फुलवलं की आवाजही कमी होतो.

सायकल टेम्पोत चढवताना बूम जमिनीला लागला तर गार्ड वाकतं. सपाट फरशीवर ठेवून, वर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं सरळ करता येतं, एकदा, फार तर दोनदा. बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी जरी चीर दिसली तरी ते गार्ड परत लावू नका. ड्रॉइंगची फाइल मोबाइलमध्ये जपून ठेवलेली असेल तर दुसरं कापून आणायला मकरपुऱ्याची एक चक्कर पुरते.